माझ्या नावाचा गॅस

सिंगापूरला निघालो त्या सकाळी आईने स्टोव्हला पंप मारून शेवटचा चहा केला. नव्याकोऱ्या सफारीला रॉकेलचा वास लागला. विमानात शेजारचा नाक मुरडायला लागला, तेव्हा ऐटीत म्हणालो, "तेलाच्या लायनीत आहे." थाप नव्हती ती. मुंबईच्या पेपरात शेंगदाणा तेलाचे नि गुळाचे भाव लिहिणाऱ्या मला तिकडे कच्च्या तेलाच्या बाजारावर लिहायला बोलावलेलं.

पहिल्या सुट्टीत डोंबिवलीला आलो आणि वर्षानुवर्षं रखडलेला गॅसचा नंबर लागला. माझ्या नावावर! तिकडून आणलेल्या लायटरने मी शेगडी पेटवली. धाकटा सुन्या म्हणाला, "दादा, उद्घाटनाला मंत्री बोलवायचा राहिला की रे!"

पुढे दर पत्रात विचारायचो, गॅस पुरतो ना? आईचं उत्तर ठरलेलं: मस्त चाललंय. मधे सुन्या लग्न करून वेगळा राहायला गेला. आखातात युद्ध पेटलं, भाव भडकले. मी जगाला टंचाईचे इशारे देत होतो. आमच्या घरची तेवढी काळजी नव्हती.

मग एकदा न कळवता घरी थडकलो. आत स्टोव्ह फरफरत होता. ओट्यावर शेगडी होती, पण तिच्यावर क्रोशाचा रुमाल आणि प्लास्टिकची फुलं. खाली सिलिंडरच्या जागी तांदळाचा डबा.

"सुन्याकडे दिला, विठ्ठलवाडीला," आई म्हणाली. "नव्या सुनेला स्टोव्ह जमेना. तू काय बाबा, तेलाच्या विहिरीवरच बसलायस."

"अगं, पण माझ्या नावावर होता ना?"

"बदललं नाव. एजन्सीत सांगावं लागलं, थोरला काही परत यायचा नाही म्हणून."

"कुणी सांगितलं असं?"

आईने स्टोव्हला पिन मारली. "मीच."

संध्याकाळी सुन्या पेढे घेऊन आला. "रागावलास दादा? तुला कशाला लागतोय गॅस?"

जगभरच्या अफवा हुंगणारा मी वार्ताहर, आणि घरचीच बातमी मला लागली नाही! सिलिंडर मी हसत दिला असता हो. यांनी माझं परत येणंच परस्पर देऊन टाकलं. पेढा मात्र खाल्ला. दोन खाल्ले.

तुमच्यातले जे परदेशी गेले आणि जे मागे राहिले, त्यांना हे कळेल. त्या रात्री मनाशी पैज मारली, परत येऊनच दाखवतो. अजून सिंगापुरातच आहे. घर कुठलं विचारलं की तोंडातून अजूनही डोंबिवलीच निघतं. तेलाबद्दलचं माझं एकही भाकीत धड खरं ठरलं नाही.

आईने आयुष्यात एकच भाकीत केलं.