मीनाक्षीची तुर्की वही

माझी बायको मीनाक्षी सौदीतल्या जुबैलच्या एका खासगी हॉस्पिटलात डाएटिशियन आहे. बारा वर्षं झाली. काय खायचं नाही ते लोकांना सांगायचं, हे तिचं काम. घरी सरावाला मी आहेच.

इथल्या कारखान्यांत तुर्की कामगार बरेच. पेशंट म्हणून आलेल्यांकडून ती तुर्की शिकली, पण सगळी जिभेच्या हट्टांची. एका निळ्या वहीत लिहून ठेवलीय. 'यियेसिम गेल्दी' म्हणजे खायची इच्छा आली. आपल्याला रडू येतं ना, तशी त्यांना खायची इच्छा येते. 'येमेदेन एदेमेम' म्हणजे खाल्ल्याशिवाय राहवत नाही. तुर्कीत तिला साधा पत्ता विचारता येत नाही, पण कोणाला लोणचं हवंय ते बरोबर कळतं.

मार्चमध्ये ओरहान उस्ता दाखल झाला. उस्ता म्हणजे आपल्याकडचा उस्ताद, मुरलेला कारागीर. साठीचा वेल्डर, परांचीवरून पडून मांडीचं हाड मोडलेलं. ऑपरेशन नीट झालं. पाचव्या दिवशी गावाहून फोन आला, बायको गेली. त्या पायाने त्याला जाता येणं शक्यच नव्हतं. तेव्हापासून त्याने अन्नाला हात लावला नाही. शेवटी डॉक्टर म्हणाले, उद्या सकाळी नाकातून नळी घालू.

मीनाक्षी त्याच्या उशाशी वही घेऊन बसली. लोणचं? दही? सूप? एकूणएक वाक्य विचारून झालं. तो भिंतीकडे तोंड करून पडलेला.

दुपारचे तीन वाजले, तिच्याही पोटात काही नव्हतं. पेशंटसमोर जेवायचं नाही, हा तिचा नियम. त्यावरून नर्सना झापलंय तिने. पण भुकेने गरगरायला लागल्यावर काय करते बिचारी? डबा उघडला. तांदळाची भाकरी आणि वालाचं बिरडं, दोन्ही माझ्या हातचं.

"येमेदेन एदेमेम," ती ओशाळून म्हणाली.

उस्ताने मान वळवली. जरा वेळ बघत राहिला, मग कोपरावर जोर देऊन उठायला लागला. आपल्या खोलीत आलेली बाई एकटी जेवतेय, हे त्याच्याने बघवेना. आपणही पाहुण्याला एकट्याला पानावर बसवत नाही. त्याने भाकरीचा तुकडा मोडला.

संध्याकाळी गाडीत तिने हे सगळं सांगितलं.

"चार घास झाल्यावर म्हणाला, आलायासम गेल्दी."

"म्हणजे आता काय खायचं होतं त्याला?"

"खायचं नाही रे. रडू येतंय म्हणाला."

"मग?"

"मग रडला. रडत रडत अख्खी भाकरी संपवली. नळी नको, असं मी डॉक्टरांना सांगून आले."

तिचेही डोळे सुजले होते. मलाही भरून आलं, खोटं कशाला सांगू.

उतरताना ती म्हणाली, "उद्यापासून डबा दोघांचा भर. आणि गिरीश, वाल जरा नीट सोल. त्याच्या दातात सालं अडकत होती."