देवाचा घास खाल्लेले मासे

आमच्या बेटावरच्या ब्रीझे वेर्दिएर गावाच्या खालच्या अंगाला नदीचा एक डोह होता. साठ सालच्या मोठ्या चक्रीवादळाआधी आमच्या वाडीचे सगळे कपडे तिथेच धुतले जायचे. पाणी इतकं नितळ, की हातातून साबण निसटला तर तळाशी पडलेला दिसायचा. हे सांगितलं की माझी नातवंडं इथल्या क्रेओल बोलीत काहीतरी बोलून हसतात. हसू देत. त्यांना कपडे यंत्रात कोंबायचे आणि झाकण लावायचं, एवढंच ठाऊक.

आई आणि शेजारच्या काकी एकाच दगडावर धुवायच्या. दोघींचं तोंड हातांहून जास्त चालायचं. काकींचे यजमान कोर्टात कारकून, आमच्या मराठी घरांतून सरकारी नोकरीला लागलेले पहिलेच. त्यांना रोज पांढऱ्या ड्रिल कापडाची विजार लागे, आणि त्या विजारींचा काकींना कोण तोरा.

एका वर्षी साखर कारखान्याचं तळं उपसलं, तेव्हा माझे वडील बादलीभर जिवंत मासे घेऊन आले. आमच्याकडे त्यांना दाम सेरे म्हणतात. कार्पच्या कुळातला मासा, काही तांबूस, काही मातकट. घरात गणपतीचा उपास चाललेला, मांसमच्छी बंद. आई कडाडली, "चतुर्थी तोंडावर आली नि तुम्ही मासळी घरात आणताय?" मारता येईनात, टाकवेनात. तिनं बादली उचलली आणि डोहात रिकामी केली. विसर्जन झालं की काढू आणि कालवण करू, असा तिचा बेत.

गणपती पाण्यात सोडायच्या आधी आमच्या घरी नैवेद्याच्या भाताचा घास पाण्याला द्यायची रीत होती. आईनं घास सोडला आणि ते सगळे मासे वर आले, तोंडं उघडून तिच्या बोटांपाशी भात खाऊ लागले. आईचे डोळे भरून आले. झालं, आता देवाचा घास खाल्लेल्यांचं कालवण कोण करणार?

मासे राहिले. तांबूस होते ते बगळ्यांनी टिपले, मातकट तेवढे तगले. हा मासा तळाचा चिखल तोंडानं उकरून खातो, हे आम्हांला कुठे माहीत? बघता बघता काठाची क्रेसोंची भाजी मुळासकट उपटून तरंगू लागली, दगडांखालची कोळंबी दिसेनाशी झाली आणि पाण्याचा पार चहा झाला. विजारींवर पिवळट झाक आली. काकींच्या यजमानांना साहेबानं सगळ्यांसमोर विचारलं, "तुमच्या घरी साबण मिळत नाही का?"

काकी तरातरा डोहावर आल्या. "वयनी, तुझे मासे काढ."

"माझे कसले? गणपतीचे आहेत ते," आई म्हणाली.

"मग गणपतीलाच सांग विजारी धुवायला." काकींनी गाठोडं उचललं आणि पार पलीकडच्या दगडावर जाऊन बसल्या.

त्यानंतर दोघी बोलेनात. आई फणकाऱ्यानं धुणं आपटायची आणि काकींच्या जागेवर दुसऱ्या कुणाला बसू द्यायची नाही. घरी जेवताना मात्र तिचा घास तोंडातच फिरायचा. मला तिचा राग यायचा आणि कीवही.

पुढचा गणपती जवळ आला तेव्हा आई जुनं लुगडं घेऊन पाण्यात उतरली. मासे काढून वरच्या धरणात सोडायचे, असं तिनं ठरवलं होतं. पण लुगड्याचं जाळं एकटीला धरता येतं होय? एक टोक धरलं की दुसरं वाहून जाई. पलीकडून काकी बघत होत्या. थोड्या वेळानं त्यांनी कासोटा खोचला, पाण्यात आल्या आणि दुसरं टोक धरलं.

दोघींनी लुगडं उचललं. मोठे मासे उड्या मारून निसटले. कापडात राहिली ती नखाएवढी पिल्लं, नुसती वळवळत होती.

काकी बघत राहिल्या. "एवढ्या लेकरांना कुठं नेशील गो?" म्हणाल्या, आणि आपलं टोक त्यांनीच खाली सोडलं.

डोह गढूळच राहिला. मग आई सार्वजनिक नळावरून स्वच्छ पाण्याची बादली डोक्यावर घेऊन उतरणीनं डोहावर यायची, फक्त त्या विजारींसाठी. नदीवर पाणी घेऊन जाणारी बाई म्हणून गावानं तिला पुष्कळ हसून घेतलं. तिला त्याचं काहीच नव्हतं. काकी परत तिच्या दगडावर बसत होत्या.