मावशीचं नाक

इस्पितळाच्या धुलाईखोलीत घाण उजळ माथ्यानं येते. रक्त, पू, ओकारी, म्हाताऱ्यांचं अंथरुणातच झालेलं, सगळं चादरीत गुंडाळून गाडीवरून उतरतं. मावशीला त्याची कधी शिसारी आली नाही. बावीस वर्षं ती शेवटच्या टेबलाशी उभी होती. धुऊन वाळून आलेली चादर उचलायची, मधोमध नाक खुपसायचं, श्वास ओढायचा. वास आला की चादर परत.

"अगं, धुतलीस की नुसती भिजवलीस? मुडद्याखाली तरी घालशील का ही?" असं ती धुणारीला सगळ्यांदेखत हाणायची. धुणारी दात काढत चादर परत यंत्रात कोंबायची आणि दुपारी दोघी एका डब्यात जेवायच्या.

मग इस्पितळ परदेशी कंपनीनं घेतलं आणि देखरेखीला तिकडची मॅडम आली. आपली भाषा घोटून आलेली. हसू खिळा ठोकून बसवल्यासारखं. मावशीला चादर हुंगताना पाहून तिची पापणी फडफडली, पण हसू जागचं हललं नाही.

"मावशी, किती मनापासून काम करता! तुमची पद्धत फारच वेगळी आहे. दुसरा एखादा मार्ग सापडतो का, तेही कधी बघा हं. बाकी कमाल!"

मावशी फुगली. घरी जाऊन सुनेला म्हणाली, "बावीस वर्षांत कुणाच्या तरी डोळ्यात भरलं."

"आता तुमच्या नाकाचा फोटो लावतील दारावर," सून म्हणाली.

दुसऱ्या दिवसापासून मावशीनं आणखी दोघींना हुंगायला शिकवलं. मॅडमनं येऊन पाहिलं, तर तीन नाकं तीन चादरींत.

"तुमच्या उत्साहाचं कौतुक वाटतं, मावशी. स्वच्छतेचे नियम एकदा वाचलेत तर मला फार आनंद होईल."

"वाचते की," मावशी म्हणाली. एवढ्या लाडानं कुणी हुकूम देतं का? टेबल डुगडुगत होतं, मॅडमनं दिलेल्या नियमांच्या कागदाची घडी त्याच्या पायाखाली बरोबर बसली.

मॅडमनं नवा साबण आणला तेव्हा मावशीनं तो हुंगला आणि आपल्या माणसाला सांगावं तसं सांगून टाकलं, "फालतू आहे हा. यानं माझं फडकंसुद्धा निघायचं नाही." मॅडमचे कान लाल झाले.

"मोकळेपणाबद्दल धन्यवाद," ती म्हणाली आणि वहीत काहीतरी लिहिलं.

तिसऱ्या महिन्यात पत्र आलं. दोनदा सूचना देऊनही अस्वच्छ सवय सोडली नाही, वरिष्ठांशी उद्धटपणा केला, म्हणून शेवटच्या टेबलावरून हटवून मळके कपडे निवडायच्या टेबलावर.

मावशी पत्र घेऊन तडक गेली. "मला सूचना कधी दिलीत?"

"दोनदा दिली ना, मावशी."

"ती तर शाबासकी होती!"

मॅडम खरोखर गोंधळली. "तोंडावर बोलले असते तर तुमचा अपमान झाला असता."

"आणि हा काय सत्कार आहे?"

हा बुळबुळीत गोडवा आपण घोटाघोटानं प्यायलो, वर घरी नेऊन सुनेलाही पाजला! नळावर जाऊन मावशीनं चूळ भरली, पचकन थुंकली. चव गेली नाही.

आठवडाभरानं, धुतलेल्या चादरींची गाडी तिच्या टेबलाजवळून वर निघाली. आंबट भपकारा आला. मॅडम तिथंच उभी होती.

"मॅडम, आंबल्यात या चादरी. आजाऱ्यांखाली घालू नका."

"किती महत्त्वाचं सांगितलंत, मावशी! आपण नक्की विचार करू."

यावेळी मावशी फुगली नाही. तिनं गाडी आपल्याकडे ओढली आणि अख्खी चळत मळक्या ढिगावर उलटी केली.

"अहो, हे काय करताय?"

"मळकं निवडतेय," मावशी म्हणाली. "तुम्हीच लावलंत ना या कामाला?"