पाहुण्यांचा गॅस

चुलीपुढे बसलं की दोन गोष्टी न मागता साठतात, राख आणि किस्से. राख निदान भांडी घासायला तरी जाते. किस्से मात्र नुसते साचत राहतात, आणि मग माझ्यासारखीला ते कोणाला तरी सांगून मोकळं व्हावं लागतं!

आम्ही चौघी मांडे करणाऱ्या. धुळ्याहून पारोळ्याकडे जाणाऱ्या रस्त्यावर आमचं गाव. लग्न असो, आखाजी म्हणजे आमची अक्षय्य तृतीया असो, पुरणाचे मांडे म्हटलं की आम्हाला बोलावणं येतं. सगळ्यात मोठी सिंधूआक्का, जिच्याकडून आम्ही तिघी हे काम शिकलो. मग तोंडाची तिखट लताबाई, मग कमल, आणि शेवटची मी, सुनंदा. मांड्यांना पालथ्या घड्यासारखं मोठं खापर लागतं आणि खापराखाली लागतात धडधडती लाकडं. तिथे गॅस चालत नाही. म्हणजे कामाच्या दिवशी कामाचा धूर, आणि घरी आलं की घरचा.

गॅस महागला, डिझेल महागलं, त्यांच्या मागोमाग लाकूडही महागलं. तेव्हापासून आमच्या सगळ्या किश्श्यांत पात्रं तीनच असतात. गॅस, लाकूड आणि आक्काची छाती.

*

आक्काच्या घरी गॅस आला तो सरकारी योजनेतून. तालुक्याला कार्यक्रम झाला, फोटो निघाला. फोटोत आक्का सिलेंडरवर असा हात ठेवून उभी आहे की बघणाऱ्याला वाटावं, म्हातारीला नातूच झाला! घरी आणल्यावर तिने जुन्या लुगड्याचा झालरवाला झगा शिवून त्याला घातला.

पहिली टाकी संपली आणि दुसरी भरायची वेळ आली, तेव्हा आक्काला भाव कळला. त्या दिवशी घरात कायदा झाला, गॅस फक्त पाहुण्यांसाठी.

एकदा तिच्या सुनेचे मामा आले. आक्काने ऐटीत गॅस पेटवला, चहा ठेवला. मामा आपले रीत म्हणून म्हणाले, "राहू द्या आक्का, चहा कशाला?" त्यांचं वाक्य पुरं व्हायच्या आत आक्काने खटका बंद केला! वर पुन्हा, "बरं, जशी तुमनी मर्जी." मामा बिचारे रिकाम्या तोंडाने कपाशीच्या भावावर बोलत बसले.

मी तिच्याकडे जायची तेव्हा ती मागच्या चुलीवर चहा टाकायची. खोकत खोकत फुंकायची. एकदा मला बघवेना. म्हटलं, "आक्का, गॅसवर टाक ना गं."

ती म्हणाली, "तू काय पाव्हनी शे का?"

खरं सांगते, त्या दिवशी मला फार बरं वाटलं. सासरी येऊन इतकी वर्षं झाली, पण ह्या गावात मला घरची म्हणणारी आक्का पहिली.

*

मग खोकला वाढला. मी आणि लताबाई तिला धुळ्याला डॉक्टरकडे घेऊन गेलो. डॉक्टर तरुण होता, चांगला होता. त्याने एक्स-रेचा फोटो काढला, छातीला नळी लावली आणि गोळ्या लिहून दिल्या. मग म्हणाला, "आजी, गोळ्यांनी अर्धंच काम होईल. धूर बंद झाला पाहिजे. उद्यापासून सगळा स्वयंपाक गॅसवर."

आक्काने चिठ्ठी त्याच्यापुढे परत सरकवली.

"मंग सिलेंडरबी लिखी द्या ना साहेब. मेडिकलमां भेटी जाई!"

डॉक्टर हसला. आम्हीही हसलो. निघताना त्याने मला मागे थांबवलं आणि हळू आवाजात सांगितलं, "हसण्यावारी नेऊ नका. धूर सुटला नाही तर पुढच्या हिवाळ्यात ह्यांना ऑक्सिजन लावावा लागेल." परतीच्या एसटीत आक्का खिडकीशी बसून शेंगा खात होती आणि मी माझ्या वाट्याच्या शेंगाही तिच्याच ओंजळीत टाकत होते. त्या दिवसापासून आम्हा तिघींना एकच काम, आक्काला चुलीपासून लांब ठेवायचं.

*

सांगायला सोपं आहे हो. पण गॅस परवडत नाही म्हणून अख्खं गाव पुन्हा चुलीकडे वळलं, आणि गाव वळलं तसा वखारवाल्या दगडूभाऊंचा भाव वर गेला. विचारलं की त्यांचं एकच उत्तर, "डिझेल वाढलं, वहिनी. मी काय करू?"

एक दिवस आम्ही लाकडं आणायला गेलो तर वखारीच्या दारात बैलगाडी उभी! पांझरेच्या काठची बाभूळ गाडीतून उतरत होती. बैल शांतपणे रवंथ करत होते. आणि भाव? तो परत वाढलेलाच.

"का भाऊ?"

"डिझेल."

लताबाईने एकदा बैलांकडे बघितलं, एकदा दगडूभाऊंकडे. "भाऊ, तुना बैल डिझेल पेतस का?"

वखारीतली माणसं खो खो हसली. दगडूभाऊ अजिबात हसले नाहीत. म्हणाले, "नही पेतस. पन त्यासना चारा ट्रॅक्टरवर येस ना ताई."

आणि ते खरंच होतं! खोटं बोलले असते तर निदान भांडता तरी आलं असतं. आम्ही गुपचूप लाकडं मोजून घेतली आणि डोक्यावर ठेवून चालू लागलो.

*

त्यात धुळ्याच्या बंगलेवाल्या ताई. मुलाच्या लग्नाचे मांडे सांगायला आल्या आणि दर ऐकून म्हणाल्या, "इतका? अहो, तुम्ही तर खेड्यात राहता! तुम्हाला लाकूड काय विकत घ्यावं लागतं?"

लताबाई लगेच म्हणाली, "व्हय ना ताई. तुम्ही धुळामां पांझरा नदीना काठे ऱ्हातस, मंग पानी इकत कसाले लेतस?"

ते काम गेलं. सगळे मांडे आता म्हणे मशीनवर लाटून गॅसवर भाजून मिळतात. मिळू देत बापडे. पण गेलेल्या कामाबरोबर आक्काची टाकी भरायला धरलेले पैसेही गेले, आणि लताबाईने पुढचा आठवडाभर स्वतःच्या जिभेला शिव्या घातल्या.

*

एक जळतण मात्र फुकटचं होतं, कपाशीच्या वाळलेल्या काड्या. आम्ही त्याला पऱ्हाटी म्हणतो. कापूस वेचून झाला की शेतकरीच हाका मारून सांगायचा, "या गं बायांनो, उपटून न्या, रान मोकळं करा."

गेल्या साली आम्ही विळे, दोऱ्या घेऊन सोनूनानांच्या शेतावर गेलो, तर नाना बांधावर खाट टाकून राखणीला! आम्हाला बघून त्यांनी टोपी काढली, परत घातली. म्हणाले, "वहिनी, औंदा काड्या इक्यात. कारखानावाला ली जाई ऱ्हायनात. त्यासले बॉयलरले कोळसा महाग पडस."

म्हणजे काड्यांचा भुगा करतात, दाबून त्याच्या कांड्या करतात आणि त्या कोळशाच्या जागी जाळतात. लताबाई तिथेच मातीत बसली. "म्हंजे कारखानानी चूल पेटनी, नि आमनी इझनी."

नानांनी मान खाली घातली. भला माणूस. त्यांचंही घर त्याच काड्यांवर चाललं होतं, त्यांना तरी काय बोलणार?

पण खरी गंमत आठ दिवसांनी. संध्याकाळच्या सुमारास कमलच्या दाराशी नानांची बायको उभी! पदराखाली चार हिरवी वांगी.

"कमल, मूठभर काड्या दे वं माय. जावई ऊना, त्याले भरीत पाहिजे. आमन्या बठ्ठ्या काड्या इकी टाक्यात ह्या मानूसनी!"

काडीवर भाजल्याशिवाय भरताला चव नाही, आणि ज्याच्या शेतात काडी पिकते त्याच्या घरात काडी नाही! कमलने तिला काड्या दिल्या. वर दोन मिरच्याही दिल्या.

*

हायवेवर एक मोठा ढाबा झालाय. बाहेर पाटी, 'चुलीवरची कळण्याची भाकरी, चुलीवरचं मटण'. आत सगळा स्वयंपाक मोठ्या गॅसच्या भट्टीवर होतो. दारापाशी मात्र एक सारवलेली चूल, आणि चुलीपुढे नऊवारी नेसलेली एक म्हातारी बसवतात. गाड्यांतून उतरणारी माणसं आधी तिचा फोटो काढतात, मग जेवायला बसतात. भाकरीचे पैसेही वर जास्त, धुराच्या वासाचे!

ती म्हातारी एक दिवस आम्ही बघितली. आमची आक्का!

आम्हाला पत्ता नव्हता. मुलगा भगवान दुसऱ्याचा टेम्पो चालवतो, सून निंदणीला जाते, आणि ही आम्हाला 'देवळात जाते' सांगून रोज तिथे. मी तिला हाताला धरून उठवू लागले. "आक्का, डॉक्टरने काय सांगितलं होतं?"

"तेच करी ऱ्हायनू ना," ती म्हणाली. "पैसा जमनात म्हंजे टाकी भरसू. मंग धूर बंद."

धूर बंद करायच्या पैशांसाठी म्हातारी दिवसभर धूर खात होती! मला रडू आलं आणि रागही आला. कोणाचा राग ते मला आजही सांगता यायचं नाही.

तेवढ्यात मालक धावत आला. आम्हाला वाटलं, आम्हाला हाकलतोय. तर तो आक्काजवळ वाकून हळूच म्हणाला, "आक्का, गिऱ्हाईक फोटो काढतंय तोवर खोकू नका."

*

तिला आम्ही तिथून आणली ती कायमची. तिघींनी वर्गणी काढली, भगवानने भर घातली आणि टाकी भरली. आक्काला देवापुढे शपथ घातली, आता चूल नाही. तिने मान हलवली. आम्ही समाधानाने घरोघर गेलो.

पुढे मी कधीही गेले की चूल गार, ओटा पुसलेला, आक्का खाटेवर. वाटलं, सुधारली. मग एक दिवस कमल शेताकडून येत होती. तिला आक्काच्या गोठ्याच्या पत्र्यातून धूर निघताना दिसला. आग लागली म्हणून ती ओरडत सुटली, आम्ही सगळ्या बादल्या घेऊन धावलो. दार ढकललं तर आत तीन विटांची चूल, त्यावर तवा, आणि धुरात डोळे पुसत बसलेली आक्का. बाजूला म्हैस, तीही खोकत होती!

मी घरात जाऊन झगा वर केला आणि टाकी हलवून बघितली. गच्च भरलेली.

"आखाजी ऊनी ना," आक्का म्हणाली. "लेकी येतीन, जावई येतीन. त्यासले काय धूरना चहा देवो?"

लताबाईने बादलीतलं पाणी त्या विटांवर ओतलं आणि निघून गेली.

*

डॉक्टर म्हणाला होता पुढचा हिवाळा. आक्काने पावसाळाच गाठला. पंधरवडाभर ती दवाखान्यात होती. मग भगवान तिला टेम्पोतून घरी घेऊन आला, आणि सोबत भाड्याचं ऑक्सिजनचं सिलेंडर. उंच, काळं, वर खटका, खटक्याजवळ पाण्याची बाटली. बाटलीतलं पाणी बुडबुडत असलं म्हणजे हवा चालू. डॉक्टरने बजावून सांगितलं होतं, "हे क्षणभरही बंद करायचं नाही." आक्कानेही ऐकलं होतं, मानही हलवली होती.

घर लहान. सिलेंडर ठेवलं ते झगा घातलेल्या गॅसच्या शेजारीच.

दुसऱ्या दिवशी सकाळपासून गाव लोटलं. लेकी आल्या, सोनूनाना आणि त्यांची बायको आली, वखारीचे दगडूभाऊसुद्धा आले. जो येईल त्याला चहा. गॅस दिवसभर पेटता, ऑक्सिजन दिवसभर चालू. आक्का नाकाला मास्क लावून पडल्या पडल्या सगळं बघत होती, आणि तिच्या तोंडावर असं समाधान की लताबाई म्हणाली, "लगीन शे का वं आक्का घरमां?"

दुपारी एकेक करून माणसं उठली. भगवान टेम्पो घेऊन गेला. सून लेकींना घालवायला स्टँडवर गेली. मीही घरी आले, आणि आल्यावर लक्षात आलं की चहासाठी नेलेलं माझं दुधाचं पातेलं तिथेच राहिलं. तशीच परत फिरले.

दार नुसतं लोटलेलं. गॅस बंद, झगा नीट खाली ओढलेला. आक्का खाटेवर उठून बसलेली, मास्क गळ्यात, ओठ जांभळे. छाती भात्यासारखी वरखाली होत होती. मी बाटलीकडे बघितलं. पाणी गप्प होतं.

"आक्का! हे कोणी बंद केलं?"

"मीच," ती म्हणाली. एकेक शब्दाला थांबत होती. "बठ्ठा गयात ना आते. मंग उगाच कसाले चालू ठेवानं?"

मी धावत जाऊन खटक्याला हात घातला, तर तिने माझं मनगट घट्ट धरलं. एवढा जोर तिच्यात कुठून आला होता कोण जाणे.

"ऱ्हाऊ दे," आक्का म्हणाली. "तू काय पाव्हनी शे का?"