न प्यायलेल्या दारूची साक्ष

आम्ही नांदगावला एका कांदा-व्यापाऱ्याच्या खळ्यामागे पत्र्याच्या खोलीत राहायचो. वडील गोण्या उचलायचे, आई कांदा निवडायची. मोठा एका ढिगात, बारका दुसऱ्या, सडका तिसऱ्या. तिसऱ्या ढिगातलं कापून जे चांगलं निघे ते आमच्या घरी येई. कांद्याच्या राशीत राहूनही आमच्या ताटात अख्खा कांदा क्वचितच आला. हंगामात दोन वेळचं जेवण ठरलेलं असायचं, हंगाम संपला की एक वेळचं. शाळेत माझ्या बाकावर वासामुळे कोणी बसत नसे. ते बाक मला एकटीला दिलंय असं मी धरून चालले.

वडिलांना व्यसन नव्हतं. ना दारू, ना विडी, ना तंबाखू. हमालांमध्ये ही अडचणीचीच गोष्ट. बाकीचे हमाल त्यांना मनाने चांगला पण तब्येतीने कच्चा माणूस समजत.

सिस्टर आमच्या आयुष्यात आल्या त्या आईच्या बोटामुळे. निवडताना विळा लागला आणि बोट पिकलं. गल्लीच्या टोकाला मिशनच्या दवाखान्यातून निवृत्त झालेल्या एक ख्रिस्ती नर्स राहायच्या. सगळे त्यांना सिस्टर म्हणत. त्यांनी आठवडाभर पट्टी केली आणि शेवटच्या दिवशी म्हणाल्या, रविवारी दुपारी आमच्याकडे प्रार्थना असते, पंखा चांगला आहे, या. आई पंख्यासाठी गेली. पाठोपाठ आम्ही. आम्ही ख्रिस्ती नव्हतो, आजही नाही, आणि सिस्टरांनी तो विषय कधी काढला नाही. पण मला खरं बोलायला कोणी शिकवलं असं विचाराल, तर मी त्यांचंच नाव घेईन.

त्यांची प्रार्थना ऐकण्यासारखी असे. डॉक्टरांना रुग्णाची माहिती द्यावी तशी त्या देवाला द्यायच्या. ‘प्रभू, बाई, वय अडतीस, डाव्या हाताचं मधलं बोट, नऊ दिवस.’ वडिलांनी एकदा विचारलं, देवाला तर सगळं ठाऊक असतं, मग एवढं कशाला सांगायचं? सिस्टर म्हणाल्या, ‘डॉक्टरलाही ठाऊक असतं, भाऊ. आपण खरं सांगतो का, तेवढं तो बघतो.’

प्रार्थनेनंतर साक्ष. म्हणजे देवाने आपल्याला कसं बदललं ते चार लोकांत उठून सांगायचं. आमच्याच खळ्यावरचा एक हमाल तिथे फार लोकप्रिय होता. तो पूर्वी पिऊन गटारात पडायचा. त्याच्या साक्षीला दर रविवारी मागणी असे, आणि गटार दर रविवारी थोडं खोल होत जाई.

बारावीला मला चांगले मार्क पडले. नाशिकच्या कॉलेजात बी.एस्सी.ला प्रवेशही मिळाला. पण नांदगावहून रोज जाऊन-येऊन प्रॅक्टिकल जमणार नव्हती, आणि खोली भाड्याने घेण्याची गोष्ट आमच्या घरात निघालीच नाही. एका ख्रिस्ती संस्थेचं मुलींचं वसतिगृह होतं, जवळपास फुकट. तिथे जागा मिळाली तर कॉलेज, नाही तर आईशेजारी बसून कांदा. इतकं ते सरळ होतं.

फॉर्मवर एक रकाना होता : ‘पालकांना व्यसन आहे काय? असल्यास तपशील द्या.’ खाली ओळखीच्या जबाबदार व्यक्तीची सही. तो गटारवाला हमाल फॉर्म उलटासुलटा करून म्हणाला की हा रकाना उगाच नसतो. जागा बेवड्यांच्या पोरींना देतात, बिचाऱ्या म्हणून. तुझा बाप पित नाही, तुझं अवघड आहे.

वडिलांनी रात्रभर विचार केला असणार, कारण सकाळी त्यांनी जाहीर केलं की ते दारुडे व्हायला तयार आहेत.

प्रत्यक्ष प्यायची त्यांची तयारी नव्हती. पूर्वी पीत होतो, एवढंच सांगायचं होतं. सही सिस्टरांची लागणार, म्हणून आधी त्यांना पटवायला हवं. गटारवाल्याने शिकवणी घेतली. संध्याकाळी खळ्यात वडील दोन ढिगांमधून झोकांड्या खात चालायचे आणि तो ओरडायचा, पाय सैल सोड, गोणी नाहीये पाठीवर. आई कांदा निवडता निवडता बघत होती. शेवटी म्हणाली, ‘एवढी वर्षं पिला असता तर एव्हाना आलं असतं.’

रविवारी वडील साक्षीला उठले. खोली भरलेली. ‘मी लय प्यायचो,’ ते म्हणाले आणि बसायला लागले. सिस्टरांनी त्यांना उभंच ठेवलं. त्यांना अर्धवट माहिती चालत नसे.

‘काय प्यायचात?’

‘दारू.’

‘कुठली?’

वडिलांनी गटारवाल्याकडे पाहिलं. तो पंख्याकडे बघत होता. ‘चांगली,’ वडील म्हणाले.

‘किती?’

‘पोटभर.’

‘जेवणाआधी की नंतर?’

‘भाकरीसंगंच, सिस्टर. कोरडी जात नाय ना.’

लोक तोंडावर रुमाल धरून हसत होते. सिस्टर हसल्या नाहीत. ‘पिऊन बायकोला मारायचात?’

इथे वडील थांबले. होय म्हण, असं मी मनात म्हणत होते. माझं सगळं कॉलेज त्या एका शब्दावर होतं. त्यांनी आईकडे पाहिलं.

‘तेवढं नाय म्हणता येनार,’ ते म्हणाले आणि बसले.

सगळे गेल्यावर सिस्टरांनी फॉर्म मागितला. मी त्यांच्याशी भांडले. एक शब्द लिहिला तर काय बिघडतं, जागा गेली तर तुम्ही शिकवणार का मला, असं काहीबाही बोलले. त्यांनी ऐकून घेतलं. मग म्हणाल्या, ‘गेली तर रोज येऊन मला बोल. पण ह्या माणसानं आयुष्यात जी गोष्ट धड सांभाळली, तीच मी खोडून देऊ?’

मग त्यांनी माझ्याच हातून रकाना भरवून घेतला. ‘नाही’ लिही. तपशीलही लिही. मी म्हटलं, नसल्यावर तपशील कसला? त्यांनी सांगितलं तसं लिहिलं : ‘वडिलांना कोणतेही व्यसन नाही. ते असल्याचे सांगण्याचा त्यांनी प्रयत्न केला, तो फसला. मुलीला जागेची गरज आहे.’ खाली त्यांनी सही ठोकली.

इकडे नांदगावात बातमी पसरली की वडिलांनी दारू सोडली. लोक वाटेत थांबवून हात हातात घ्यायला लागले. व्यापाऱ्याने सगळ्यांसमोर पाठ थोपटली. इतकी वर्षं न पिऊन जो मान मिळाला नव्हता तो आता मिळत होता, आणि वडिलांना तो आवडायलाही लागला होता. सिस्टर म्हणाल्या, पुढच्या रविवारी साक्ष मागे घ्या. वडील उठले आणि म्हणाले, मी जन्मात प्यायलो नाही. सोमवारी खळ्यावर सगळ्यांचे चेहरे पडलेले. बिचाऱ्याने परत सुरू केली, आता तर नाकारायलाही लागलाय.

मुलाखतीला मी आणि वडील नाशिकला गेलो. वसतिगृहाच्या बाईंनी तपशील दोनदा वाचला. फसलेला प्रयत्न म्हणजे काय, असं त्यांनी विचारलं. वडिलांनी सगळं सांगितलं, झोकांड्यांसकट. बाईंनी चष्मा काढून डोळे पुसले. मग म्हणाल्या, ‘अहो, तो रकाना जागेसाठी नाही. भेटीच्या दिवशी कुठल्या बापाला फाटकाच्या आत सोडायचं नाही, ते ठरवायला आहे.’

जागा मार्क आणि अंतर बघून द्यायचे. माझी दोन्ही बाजूंनी पक्की होती.

वडील तिथेच खुर्चीवर बसून राहिले. घरी येईपर्यंत रेल्वेत ते एकच वाक्य बोलले, की मारायचो म्हटलो असतो तर तुला भेटायला आत येताच आलं नसतं.

तीन वर्षं ते दर महिन्याला आले आणि फाटकातून आत आले. सिस्टर मी दुसऱ्या वर्षाला असताना गेल्या. जाण्याआधी भेटले तेव्हा त्यांनी स्वतःचं वय, दुखणं, किती दिवस, सगळं नीट सांगितलं, आणि म्हणाल्या, भीती थोडी आहे, तेही लिही. मी आज नाशिकलाच इंदिरानगरच्या एका लॅबमध्ये नोकरी करते. फॉर्म कुठलाही असो, मी रकान्यापेक्षा जास्त लिहिते. साहेब वैतागतात. मी बदलत नाही.

मी बी.एस्सी. झाले, मायक्रोबायोलॉजी, फर्स्ट क्लासमध्ये. आईच्या आणि वडिलांच्या, दोन्ही घराण्यांत पदवी घेणारी मी पहिली.