मामाचे कान आणि बेकरीवालीची व्हॅन

मामा नुसतं ऐकून गाडीचं दुखणं सांगायचा. बॉनेट उघडायचा, डोळे मिटायचा आणि म्हणायचा, "बेअरिंग गेलंय." गॅरेजात रेडिओ लावायला सक्त मनाई. मामी म्हणायची, "माझं बोलणं इतकं मन लावून ऐकलं असतंत तर!"

अलीकडे त्याला हाका मात्र दोन-तीनदा माराव्या लागत. "गॅरेजात गोंगाट असतो गं," म्हणायचा. आम्ही मान डोलवायचो.

त्या दिवशी बेकरीवालीची डिझेल व्हॅन आली होती. चढ लागला की तिला धाप लागायची. इंजिनात हवा कोंबणाऱ्या टर्बोचा दाब कमीजास्त करणारा व्हॉल्व्ह बिघडला होता, तो मामाने बदलला. रेस केल्यावर टर्बोचा दांडा व्यवस्थित हलला.

"झाली ना? नेऊ?" बेकरीवालीने विचारलं.

"उभ्या गाडीचं काय खरं? भार घेऊन चढू दे, मग ने."

मैद्याची पोती गाडीतच राहिली, बेकरीवाली गॅरेजात थांबली. मामी डबा घेऊन आली होती; मामाने तिला शेजारी बसवून इंजिनाचे आकडे दाखवणारा स्कॅनर तिच्या हातात दिला. मी मागे पोत्यांना टेकून बसले.

"वरचा आकडा इंजिनाने मागितलेला दाब, खालचा टर्बोने दिलेला. दोन्ही जोडीने चालले पाहिजेत."

"आपल्यासारखे?"

"आपल्यापेक्षा बरे."

चढ लागला. मामाने पाय दाबला.

"वरचा पळतोय, खालचा रेंगाळतोय," मामी म्हणाली. "आणि अहो, हवा जातेय. सीऽऽ करून."

"कुठे? मला नाही ऐकू येत!"

मला मागेसुद्धा ते स्पष्ट ऐकू येत होतं. मामाने गाडी कडेला घेतली, पण स्टिअरिंगवरचे हात काही काढेना.

मामी खाली उतरली आणि बॉनेट उघडून आत वाकली. "रेस करा. हं... उजवीकडे, त्या जाड पाइपाच्या टोकाला."

मामा उतरला. हाताला फडकं गुंडाळून त्याने पाइप पिळला. क्लिपच्या कडेशी रबराला बारीक चीर होती, दाब आला की उघडणारी. तेवढं टोक कापून त्याने पाइप पुन्हा घट्ट बसवला आणि गाडी वळवून पायथ्याशी आणली.

या वेळी व्हॅन पोत्यांसकट सरळ वर गेली. आकडे एकमेकांना सोडत नव्हते.

"आता काय ऐकू येतंय?" मामाने विचारलं.

"बारीक शिट्टी."

"ती टर्बोची, असायचीच." गिअर बदलून तो म्हणाला, "मला ऐकू येईनाशी झालीय ती. वर्ष झालं असेल."

"ठाऊक आहे हो," मामी म्हणाली. "तुम्ही सांगायची वाट बघत होते."

पुढच्याच आठवड्यात ती त्याला कानाच्या डॉक्टरकडे घेऊन गेली. मशीन लावून मामा घरी आला, खुर्चीत बसला आणि पहिली तक्रार केली, "अगं, भांडी किती आपटतेस!"