दहा जागा आणि अख्खी कंग्राळी

इंग्रजीचा मास्तर होऊ नये माणसानं. शहापूरच्या हायस्कुलात मी दिवसभर पोरांच्या इंग्रजीशी झटतो आणि संध्याकाळी कंग्राळीत घरी आलो की गावाचं इंग्रजी माझ्या मानेवर. बँकेचा अर्ज असू दे, पासपोर्ट असू दे, ‘स्वरूप मास्तर, जरा बघा की.’ बघतो बापडा. पण यंदा माझ्या सख्ख्या बहिणीच्या अर्जाची पाळी आली आणि सगळ्यांनी मिळून माझं डोकं फिरवलं.

आमची पूर्णिमा डॉक्टर आहे, गल्लीतली पहिली. एमबीबीएस झाली, पुढच्या शिक्षणाची प्रवेशपरीक्षा दोनदा दिली आणि दोन्ही वेळा नंबर लागला नाही. मग निपाणीला रघुवीर डॉक्टर म्हणून एक वयस्कर गृहस्थ आहेत, त्यांच्या दवाखान्यात बसायला लागली. तिथं बसूनच अमेरिकेच्या परीक्षा दिल्या आणि पास झाली. आता तिकडच्या हॉस्पिटलांत रेसिडेन्सीला, म्हणजे पगारी पुढच्या शिक्षणाला, अर्ज करायचा होता. ह्या खेपेला कुणी मुलाखतीला बोलावलं नाही तर पुढच्या शिक्षणाचं नाव काढायचं नाही, असं तिनंच ठरवून टाकलेलं. अर्जात अनुभव लिहायला जागा दहा. दहाच! हे मी घरात किती वेळा ओरडून सांगितलं असेल, देव जाणे.

आता आमच्या गावची रीत ऐका. पोर दहावी पास झालं की सत्कार, बारावीला सत्कार, आणि डॉक्टरकीला नंबर लागला की प्रत्येक मंडळाचा वेगळा सत्कार. शाल, नारळ, सन्मानचिन्ह. पूर्णिमाची सन्मानचिन्हं कपाटात मावेनात तेव्हा आईनं त्यातलं एक दार आपटू नये म्हणून दाराशी ठेवलं. आणि ज्यानं नारळ दिला तो नारळ कधी विसरत नाही. अमेरिकेला कागद जाणार म्हटल्यावर एकेक जण दारात हजर. गणेशोत्सव मंडळाचं नाव घातलं काय? तालमीचं घातलं काय? पतसंस्थेचे चेअरमन गुंडू तर स्वतः येऊन लॅपटॉपात डोकं घालून बसले आणि पतसंस्था युवक मंडळाच्या खाली कशी, म्हणून चहा न घेता उठून गेले.

वर आप्पा, आमचे वडील, माझ्यावरच खेकसले. त्यांना रोज संध्याकाळी ह्याच लोकांत कट्ट्यावर बसायचं असतं. आईचं वेगळंच. कडोलीच्या साहित्य संमेलनात पोरगी स्वयंसेवक होती ते घाल, रांगोळीचं बक्षीस घाल. अगं आई, रांगोळी बघून कोण हिच्या हातात पेशंट देणार आहे?

पण खरा संताप आला तो पूर्णिमाचा. सगळ्यांचं ऐकून घेत होती, मान हलवत होती, आणि दहाच्या दहा जागा भरल्या तरी त्यात निपाणीचं नाव नाही. मी विचारलं, तर म्हणते, तिथलं काय सर्टिफिकेट हाय माझ्याकडं? नापास झाले म्हणून गेलते तिथं. म्हणजे मधली वर्षं कोरी! तिकडच्या लोकांना वाटणार, ही बया घरात झोपा काढत होती.

तेवढ्यात तिचा फोन वाजला. रविवारी सकाळी वाजतोच. निपाणीची मालुबाई, विड्या वळणारी. तिला टीबी झालाय आणि गोळ्या चालू आहेत. अर्जाच्या तयारीसाठी पूर्णिमानं दवाखाना सोडला, तरी दर रविवारी ही गोळ्यांचं विचारणार आणि ती सांगणार, हे ठरलेलं. ही बोलत अंगणात गेली.

तिथल्या विड्या वळणाऱ्या बायांची गोष्ट मला रघुवीर डॉक्टरांनीच एकदा सांगितलेली. दवाखान्यात येऊन गुडघेदुखी सांगायच्या, खोकला दाबून धरायच्या. खोकला कळला की विड्यांचं काम बंद होईल ही भीती. काही जणी तर नावसुद्धा खोटं सांगायच्या. नंबर येईपर्यंत त्या बाहेर ओट्यावर विड्या वळत बसायच्या. मग आमची पूर्णिमा खुर्ची सोडून त्यांच्यात जाऊन बसायची, कुणाचं तरी पानं-तंबाखूचं सूप मांडीवर घेऊन वेड्यावाकड्या विड्या वळायची. ते बघून बाया हसायच्या, आणि हसता हसता खोकला सुटायचा. तिथं ही बरोबर पकडायची. मालुबाई अशीच सापडलेली.

फोन होईपर्यंत मी रांगोळी खोडली आणि तिथं हे सगळं टाइप केलं. ती आत आली, वाचलं, आणि खोड म्हणाली. मग मात्र माझा तोल गेला. एवढी वर्षं राबलीस त्याची लाज वाटते काय, म्हणून विचारलं.

“लाज न्हाय, अण्णा. त्या बायांनी नवऱ्याला बी न सांगितलेलं मला सांगितलं. त्यांच्या खोकल्यावर मी अमेरिकेला जाऊ?”

मला आणखीच राग आला. मग त्यांनाच विचार जा, म्हणालो. तर तिनं खरंच मालुबाईला परत फोन लावला, सगळ्यांसमोर, स्पीकरवर.

मालुबाई हसली. हसताना खोकली नाही, हे माझ्याही कानानं टिपलं. “लिव्ह की गं. माझं नाव बी घाल. खरं नाव घाल हां.” पहिल्या दिवशी दवाखान्यात तिनं जावेचं नाव सांगितलेलं. पूर्णिमानं तिला समजावलं, की पेशंटचं नाव लिहिता येत नाही.

“बरं, ऱ्हाऊ दे. म्हंजे तू जाणार व्हय?”

“घेतलं तर. ते बी पुढच्या वर्षी. तंवर तुझा गोळ्यांचा कोर्स संपतोय.”

“माझा संपंल गं. बाकीच्या बायांत खाली कोण बसणार?”

पूर्णिमानं फोन ठेवला. आप्पा दारापाशी बसलेले. घसा खाकरून म्हणाले, पतसंस्था काढ, गुंडूला मी बघतो. युवक मंडळ बी काढ. मी एकेक काढत गेलो आणि निपाणी पहिल्या जागी नेली.

अर्ज गेला. दोन हॉस्पिटलांनी मुलाखतीला बोलावलंय, कॉम्प्युटरवरच. गुंडू अजून आप्पांशी बोलत नाहीत. आणि मुलाखत तोंडावर आली असताना ही बया दर रविवारी सकाळी उठून निपाणीची बस धरते. रघुवीर डॉक्टरांनी हिच्या जागी विक्रम म्हणून एक नवा डॉक्टर ठेवलाय. चांगला हुशार आहे म्हणे, पण पँट खराब होते म्हणून ओट्यावर बसत नाही. परवा मी वैतागून म्हटलं, बाई गं, तो बसेना तर तुझं काय जातंय, मुलाखतीची तयारी कर. चप्पल घालता घालता म्हणाली, “करते की. आधी त्याला खाली बसवते.”